जसवंतभाईंनी सोडलेली जिलेबी

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी जसवंतभाई आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नास खुर्च्या मांडत, आणि त्यांतल्या सात भरत. उरलेल्या संध्याकाळी पुन्हा दुमडून भिंतीला लावत. या कामात कुणाची मदत घेत नसत. मी एकदा हात लावायला गेलो तर म्हणाले, "नको मयेकरभाई. खुर्ची मांडताना माणसाला वाटतो की लोक येणार. तेवढा तरी मला वाटू दे."

मी त्या वेळी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. भायंदर पूर्वेला, जेसल पार्कात, आमची इमारत. हॉल म्हणजे तळमजल्यावरचे दोन गाळे एक करून केलेली खोली. बिल्डरने दार म्हणून दुकानाचं शटर लावलं होतं ते तसंच राहिलेलं. त्या शटरची चावी माझ्याकडे असल्यामुळे उघडायला मी आणि बंद करायलाही मी. मधले दोन तास घरी जाऊन झोपावं एवढी साधी माझी इच्छा होती. पण पहिल्याच रविवारी जसवंतभाईंनी मला पुढच्या रांगेत बसवलं. "बसा ने. चावी तर तुमच्याकडेच हाय, आम्ही कुठे पळणार?" अशा रीतीने गुजराती साहित्याचा प्रसार करणाऱ्या त्या संस्थेचा पहिला आणि बरीच वर्षं एकमेव निखळ श्रोता रत्नागिरीचा एक मराठी माणूस झाला.

'निखळ' म्हणायचं कारण असं की बाकीचे सहाही कवी होते आणि जसवंतभाई निवेदक, ते उभेच. संस्थेचं नाव 'शब्दसभा'. आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याच्या गझलेला 'वाह वाह' म्हणायचं, आणि पाळी आली की दिलेली 'वाह वाह' व्याजासकट वसूल करायची, असा रोकडा व्यवहार होता. एकदा एका कवीला घसा बसल्यामुळे दाद देता आली नाही, तर पुढच्या महिन्यात त्याच्या कवितेच्या वेळी इतर सगळे खिडकीबाहेर बघत बसले. मला गुजराती लिपी येत नव्हती, पण भाषा हळूहळू कानात शिरली. ती फार गोड आहे. एवढ्या गोड भाषेत इतक्या वाईट कविता लिहिता येतात हे मला तिथेच कळलं.

जसवंतभाईंचा धंदा स्टीलच्या भांड्यांचा. भायंदरात तो घरोघरी आहे म्हटलं तरी चालेल. ठेंगणे, गोल, पांढरी सफारी घातलेले, बोलताना दोन्ही हात पुढे करून जणू तपेलं धरलंय असे उभे राहणारे. शाल-श्रीफळाला त्यांचा विरोध होता. "शाल कपाटात जातो, नारळ चटणीत जातो. भांडा रोज हातात येतो." म्हणून सत्कारमूर्तीला वाटी, पेला किंवा ताट मिळे, आणि त्यावर मशीनने टकटक करून त्याचीच एक ओळ कोरलेली असे. लोक एरवी भांड्यांवर लग्नाची तारीख घालतात, यांनी विरह घातला. सहाच कवी असल्यामुळे सत्कारही फिरून फिरून त्यांचेच होत. चार-पाच वर्षांत प्रत्येकाच्या घरी आपापल्या काव्याचा डिनर सेट तयार झाला. एका कवीची सून मला लिफ्टमध्ये म्हणाली होती, "अंकल, घरात बापूजींची कविता वाचायची नाय असं ठरवला तरी आमटी संपली की दिसतेच."

स्वतः जसवंतभाई कविता करत नव्हते. हा त्यांचा मोठेपणा मला फार उशिरा जाणवला. सभेत ते फक्त निवेदन करायचे आणि शेवटी वनमाळीमास्तरांना बोलवायचे. हे वनमाळीमास्तर म्हणजे अमरेलीकडचे निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या घरातले, कानाने जवळजवळ ठार बहिरे. मीरा रोडला हाटकेशमध्ये मुलाकडे राहायचे आणि रिक्षा करून यायचे. त्या सहांत खरा कवी हा एकच. त्यांची एक कविता गावच्या विहिरीवर होती. दोर ओढून ओढून काठाच्या दगडाला खाचा पडल्या. मग नळ आले, दोर गेला, बायका गेल्या, खाचा तेवढ्या राहिल्या, एवढंच. ती कविता मास्तर वाचत तेव्हा मी शटरच्या चावीशी खेळायचं थांबायचो. जसवंतभाई डोळे मिटून ऐकायचे आणि संपल्यावर मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे वळून बघायचे. त्यांना त्या वेळी खरोखर वाईट वाटायचं. माणसाने दुकानात उत्तम माल भरावा आणि रस्त्यावरून कुणी फिरकू नये, तसं.

याच दुःखातून त्यांनी जिलेबी सोडली. गुजराती लोकांत बाधा घेतात. आपल्याकडे बाधा भुताची होते, त्यांच्याकडे ती माणूस आपणहून घेतो. एखादी इच्छा धरायची आणि ती पुरी होईपर्यंत आवडीची वस्तू वर्ज्य करायची. जसवंतभाईंची इच्छा अशी, की मास्तरांची कविता ऐकायला एकदा तरी हॉल भरावा. नुसता भरावा असं नाही, खुर्च्या कमी पडाव्यात. तोवर जिलेबी बंद. हे ऐकायला सोपं वाटतं, पण या माणसाची सकाळ फाफडा-जिलेबीने व्हायची. दसऱ्याला सगळं भायंदर फरसाणवाल्याच्या दाराशी उभं असतं. त्या रांगेत जसवंतभाई तासभर उभे राहून अख्ख्या इमारतीसाठी जिलेबी आणायचे, वाटायचे आणि स्वतः फाफडा चावत बसायचे. त्यांच्या पत्नी कोकिलाबेन कपाळाला हात लावायच्या. "लोक मोक्षासाठी सोडतात. ह्यांनी खुर्चीसाठी सोडली. आणि ती पण दुसऱ्याने बसायची!"

हॉल भरावा म्हणून त्यांनी काय नाही केलं? आधी अल्पाहार ठेवला. लोक आले, खाल्लं आणि गेले. मग अल्पाहार शेवटी ठेवला, तर लोक शेवटी आले. नगरसेवकाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. त्याच्याबरोबर वीसेक कार्यकर्ते आले, पण त्याने नव्या गटारावर भाषण केलं आणि तो उठला तशी त्याच्या मागून ती वीस माणसंही उठली. एकदा मात्र बायकांची बरीच गर्दी जमली होती, तर मास्तर विहिरीच्या काठाशी पोचतात न पोचतात तोच बाहेर टँकर आला. आमच्याकडे तेव्हा पाण्याचा असा दुष्काळ होता की टँकरच्या भोंग्यापुढे कुठलंही साहित्य टिकलं नसतं. मिनिटभरात हॉल रिकामा झाला. मास्तरांना ऐकू येत नसल्यामुळे ते डोळे मिटून वाचतच राहिले.

मी हसायचो. घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगायचो. एकदा जसवंतभाईंनाही तोंडावर म्हटलं, "कशाला एवढा खटाटोप? गिऱ्हाईक नाही हो तुमच्या मालाला." ते रागावले नाहीत. दुपारी चारचं ऊन थेट आत यायचं म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं, तिकडे बोट दाखवून म्हणाले, "गिऱ्हाईक नाय म्हणून काय दुकान बंद करायचा? शटर अर्धा उघडा ठेवायचा, मयेकरभाई. कोण तरी वाकून येतोच." आणि वर, "ऐकणारा एक पण पुरे. फक्त तो आपला नातेवाईक नाय पायजे, आणि कवी नाय पायजे."

आता, हसण्याचा अधिकार मला कितपत होता ते सांगतो. आमच्या मराठी मंडळाचा मी खजिनदार होतो. त्याच हॉलमध्ये आमच्या व्याख्यानाला सात माणसंही जमत नसत. पण आम्ही मुळात खुर्च्याच दहा मांडायचो, त्यामुळे अब्रू शाबूत राहायची.

शेवटी जसवंतभाईंनी व्यापारी डोकं चालवलं. मास्तरांचा मोठा सन्मान करायचा ठरला होता. त्याची जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची, पण कुठल्या पानावर? ते मला म्हणाले, "आमचा माणूस पेपर उघडतो, पयला भाव बघतो, दुसरा मरण बघतो. मधला सगळा पान वडे बांधायला. आपण तिथेच जायचा जिथे गिऱ्हाईक हाय." भावांच्या पानावर जागा मिळेना, तेव्हा यांनी हट्टाने निधनवार्तांच्या पानावर जाहिरात दिली. मजकूर अगदी सभ्य होता. वर मास्तरांचा फोटो. खाली नाव, मूळ वतन अमरेली, हाल (म्हणजे सध्या) मीरा रोड. मास्तरांच्या जीवन आणि कवनाविषयी सभा, रविवारी चार ते सहा, हॉलचा पत्ता, सर्व स्नेहीजनांनी पधारावे. चूक म्हणाल तर एक अक्षर चूक नव्हतं.

त्या रविवारी पावणेचारपासून माणसं यायला लागली. अर्ध्या शटरखालून वाकून आत, एकामागून एक. चार वाजता हॉल भरला. मग मागची भिंत भरली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, कुणाचा आवाज नाही. अशी शिस्त साहित्याच्या कार्यक्रमाला मी आजवर पाहिली नव्हती. टेबलावर मास्तरांचा मोठा फोटो होता. सन्मानाचा हार चुरगळू नये म्हणून जसवंतभाईंनी तो तात्पुरता फोटोलाच अडकवला होता, आणि सरस्वतीपुढची उदबत्ती वाऱ्याने विझत होती म्हणून फोटोच्या आडोशाला ठेवली होती. माणसं येत, फोटोला हात जोडत आणि खाली मान घालून बसत. जसवंतभाईंचा चेहरा असा फुलला होता की बघवेना. "मयेकरभाई, खुर्च्या! खुर्च्या कमी पडला! समोरच्या बिल्डिंगमधून आणा! समाज जागा झाला!" मी धावलो. तेही धावले, आणि कोकिलाबेनना ओरडून सांगितलं, जिलेबी मागवा, गरम.

मी खुर्च्या घेऊन परत आलो तेव्हा एक वयस्क गृहस्थ जसवंतभाईंचा हात दोन्ही हातांत धरून उभे होते. "बहु खोटुं थयुं," ते म्हणाले. फार वाईट झालं. "शेवटी त्रास तर नाही ना झाला मास्तरांना?"

जसवंतभाईंच्या चेहऱ्यावरचा प्रकाश कसा गेला ते मी पाहिलं. त्यांनी फोटोकडे बघितलं, हाराकडे, उदबत्तीकडे, मग त्या पांढऱ्या रांगांकडे. सगळं भायंदर बेसण्याला आलं होतं. बेसणं म्हणजे त्यांच्यातली शोकसभा. चार ते सहामध्ये कधीही यायचं, हात जोडायचे, दहा मिनिटं बसायचं आणि निघायचं. साहित्याला न येणारा माणूस बेसणं चुकवत नाही.

ते काही बोलणार एवढ्यात शटरखालून वाकून खुद्द वनमाळीमास्तर आत आले. रिक्षा उशिरा मिळाली होती. एक बाई किंचाळली. पुढच्या रांगेतला एक जाडजूड दलाल, मास्तरांचा जुना विद्यार्थी, फोटोसमोर नुकताच डोळे पुसून बसला होता. तो उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. मास्तरांना काही ऐकू येत नव्हतं. एवढी गर्दी आपल्यासाठी जमलेली बघून त्यांचे डोळे भरून आले. विद्यार्थ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आव्यो, दीकरा? बेस, बेस."

पुढचा अर्धा तास जो गोंधळ झाला तो कुठल्याही प्रहसनात शोभला असता. काहींना हा अपशकुन वाटला. काहींना फसवणूक. एक आजी पुन्हा पुन्हा विचारत होती, "तो गयुं कोण?" मग गेलं तरी कोण? दोघा भावांत तर घरी जाऊन आंघोळ करायची की नाही यावर वाद पेटला. पण पांढरे कपडे घालून झाले होते, संध्याकाळ सहापर्यंत मोकळी ठेवलेली होती, आणि मेलेला माणूस समोर उभा राहून कविता वाचणार म्हणतोय. हे रोज बघायला मिळत नाही. पुष्कळजण बसले. मास्तरांनी विहीर वाचली. ती आजी विचारायचं थांबली. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले, आणि ते आता मयतासाठी नव्हते, एवढं मला गुजराती लिपी न येताही कळलं.

संपल्यावर कोकिलाबेननी जिलेबीचं खोकं उघडलं आणि एक तुकडा जसवंतभाईंच्या तोंडाशी नेला. "ल्यो. बाधा पूरी थई. खुर्च्या बाहेरून आणल्या, मयेकरभाई साक्षीला आहेत." जसवंतभाईंनी तुकड्याकडे बघितलं. सहा वर्षं झाली होती. पाक बोटावरून ओघळत होता. त्यांनी हात जोडले आणि खोकं बंद केलं.

"आले ते मयताला. कवितेला नाय आले," ते म्हणाले. "देवाला फसवता येतो. जिभेला नाय."

मी चार खाल्ल्या. बाधा माझी नव्हती.

त्यानंतर लोकांनी त्यांची भरपूर चेष्टा केली. 'जिवंतपणी बेसणं घालणारे जसवंतभाई' असं नावच पडलं. पण गंमत अशी की पुढच्या महिन्यात सातांऐवजी दहा माणसं आली. ती आजी आली होती, तो दलाल आला होता. दलालाला मी कारण विचारलं तर म्हणाला, "मास्तर हाय की नाय, बघून जातो." हेही एक कारणच. हळूहळू असे बघून जाणारे चार-पाचजण नेमाने येऊ लागले आणि नुसते बघून न जाता बसूही लागले. जसवंतभाई पन्नास खुर्च्याच मांडत राहिले.

आणि मग मास्तर राहिले, जसवंतभाई गेले. एका थंडीच्या पहाटे, झोपेतच. आदल्या संध्याकाळी माझ्याकडून चावी मागून घेऊन हॉलचे पंखे पुसून आले होते.

त्यांचं बेसणं आमच्याच हॉलमध्ये झालं. त्यांच्या मुलाने, परेशने, जाहिरात त्याच पानावर दिली. या वेळी ती बरोबर जागी होती. हॉल भरला, भिंती भरल्या, लोक बाहेर गेटपर्यंत उभे राहिले. समोरच्या बिल्डिंगमधून खुर्च्या आणायला पुन्हा मीच धावलो. परेशने माईकवाली भजनमंडळी आणली होती. त्यांचं एक भजन संपलं आणि वनमाळीमास्तर उठले, कुणाला न विचारता माईक हातात घेतला आणि विहीर वाचायला सुरुवात केली. परेश त्यांना थांबवायला निघाला तर कोकिलाबेननी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून खाली बसवलं. विहिरीनंतर मास्तर एकेक करून इतर कविता वाचत राहिले आणि लोक आपल्या पद्धतीने येत होते, हात जोडत होते, दहा मिनिटं बसून उठत होते. सहा वाजले तसा हॉल ओसरला. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा ते बाकीचे पाच कवी, आजी, दलाल आणि आणखी तिघे-चौघे बसलेले होते. आणि मी, चावी घेऊन.

सगळे गेल्यावर कोकिलाबेननी मला बोलावलं. फोटोपुढे त्यांनी एका वाटीत जिलेबी आणून ठेवली होती, वर एक ताट उपडं झाकलेलं. "मयेकरभाई, तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "मास्तरांची कविता पण झाली. हॉल पण भरला. खुर्च्या तुम्ही बाहेरून आणल्या. आता बाधा पूरी झाली ना? ताट काढू मी?"

मला हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून हो म्हणायचं होतं. दहा-एक वर्षं त्या माणसाला हसलो होतो, एका जिलेबीपुरतं खोटं बोलणं काय जड होतं? पण फोटोतले जसवंतभाई तपेलं धरल्यासारखे हात पुढे करून उभे होते आणि मला त्यांचं ते जिभेचं वाक्य आठवलं.

"नाही, भाभी," मी म्हटलं. "आज पण मयतालाच आले."

कोकिलाबेन रडतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या. "ते पण हेच बोलले असते," म्हणाल्या, आणि ती वाटी माझ्या हातात दिली. मी ती घेतली नाही. तोंडातून निघून गेलं, की आता ती बाधा माझ्याकडे. हॉल भरेपर्यंत जिलेबी बंद.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी शुगरसाठी सोडायला सांगितली तेव्हा नाही सुटली. आता गुजराती साहित्यासाठी सुटली. चांगलं आहे."

शब्दसभा अजून भरते. परेशला वेळ नसतो, तो भांडी तेवढी पाठवून देतो. पन्नास खुर्च्या मी मांडतो. मदत घेत नाही. मांडताना खरंच वाटतं, की लोक येणार. मग शटर अर्धं खाली ओढतो आणि तिकडे तोंड करून बसतो. बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. बहुतेक सरळ निघून जातात. एखादी जोडी थांबते. ती थांबली की मी वाचणाऱ्याला हाताने खूण करतो, जरा मोठ्याने.